अलाबामा १९६३ : शाळेच्या दारातलं वर्ष

मागच्या आठवड्यात आपण १९५७ च्या लिटल रॉकमध्ये होतो. तिथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं. त्याच सप्टेंबरात शेजारच्या मिसिसिपीपलीकडे, अलाबामाच्या बर्मिंगहॅम शहरात, पाद्री फ्रेड शटल्सवर्थ आपल्या मुलींना घेऊन फिलिप्स हायस्कूलच्या दारात गेले. जमावाने त्यांना साखळ्यांनी मारलं, त्यांच्या पत्नीला भोसकलं. तिथे कुणी लष्कर पाठवलं नाही. शाळा मिळाली नाहीच. मार खाल्लेले शटल्सवर्थ मात्र मागे हटले नाहीत, आणि १९६३ चं सगळं वर्ष त्यांच्या त्या मागे न हटण्यातून उभं राहिलं असं मला वाटतं.

या वर्षाचा इतिहास सहसा मोठ्या माणसांच्या भाषणांमधून सांगितला जातो. पण जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत घटना ओळीने लावल्या की दिसतं, प्रत्येक ठिकाणी मध्यभागी मूल आहे. कुणी त्याला शाळेच्या दारात अडवतंय, कुणी तुरुंगात टाकतंय, आणि शेवटी कुणी त्याचा जीव घेतंय.

सुरुवात १४ जानेवारीला माँटगमेरीत झाली. जॉर्ज वॉलेस यांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. १८६१ मध्ये फुटीर दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांनी जिथे शपथ घेतली होती, तीच जागा त्यांनी निवडली, आणि वर्णभेद आज, उद्या आणि कायम राहील अशी ग्वाही दिली. हेच वॉलेस १९५८ ची निवडणूक तुलनेने मवाळ भूमिका घेऊन हरले होते. १९६२ च्या प्रचारात त्यांनी शब्द दिला की, वेळ आली तर शाळेच्या दारात मी स्वतः उभा राहीन. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती, आणि अलाबामातल्या एकाही गोऱ्या सार्वजनिक शाळेत एकही कृष्णवर्णीय मूल शिकत नव्हतं.

बर्मिंगहॅम हे १८७१ मध्ये वसवलेलं लोखंड-पोलादाचं शहर. खाणी जवळ, त्यामुळे डायनामाइट सहज मिळे. कृष्णवर्णीयांच्या घरांवर आणि चर्चवर इतके स्फोट झाले होते की एका वस्तीला लोक ‘डायनामाइट हिल’च म्हणत. शटल्सवर्थ यांचं घरही १९५६ च्या नाताळच्या रात्री उडवलं गेलं होतं. पोलीस आणि अग्निशमन दल, दोन्ही खाती यूजीन ‘बुल’ कॉनर यांच्या हातात होती. न्यायालयाने बागा सर्वांना खुल्या करा म्हटल्यावर शहराने बागाच बंद केल्या. अशा ठिकाणी शटल्सवर्थ यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावून घेतलं.

३ एप्रिलला आंदोलन सुरू झालं. वेळ विचारपूर्वक निवडली होती. ईस्टरच्या तोंडावर कपड्यालत्त्यांची मोठी खरेदी होते, आणि तीच थांबवायची होती. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाचे पैसे घेत, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर त्याला बसू देत नसत. बहिष्कार चांगला पाळला गेला, मोर्चांना माणसं मात्र मिळेनात. अटक म्हणजे नोकरी गेली, घराचं भाडं थकलं. जामिनाचा पैसा आटला. १२ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, न्यायालयाची मनाई मोडून किंग तुरुंगात गेले. तिथे वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी लिहायला घेतलेलं पत्र पुढे जगभर वाचलं गेलं, पण त्या आठवड्यात त्याने बर्मिंगहॅममध्ये काही हललं नाही. महिनाअखेरीस आंदोलन जवळपास थंडावलं होतं.

तेव्हा जेम्स बेव्हेल या सव्वीस वर्षांच्या कार्यकर्त्याने मुलांना बोलवायचं ठरवलं. इथे एक धागा आपल्या नागपूरपर्यंत येतो. बेव्हेल यांना अहिंसेचं शिक्षण दिलं जेम्स लॉसन यांनी. लॉसन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, मुलांना खेळ शिकवत होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होते. माँटगमेरीच्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये तरुणांची शिबिरं घेतली. कुणी अंगावर थुंकलं, केस ओढले, खुर्चीवरून खाली पाडलं तर काय करायचं, याची तिथे प्रत्यक्ष तालीम होई. बर्मिंगहॅमच्या मुलांनाही तशीच तयारी देण्यात आली. पोलिसांच्या कुत्र्यांची भीती घालवणं हाही त्या तयारीचा भाग होता.

मुलांची नोकरी जाऊ शकत नाही, हे बेव्हेल यांचं साधं गणित. किंग कचरत होते. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींनी मुलांना पुढे करण्यावर टीका केली, माल्कम एक्स यांनीही केली. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. आजही त्या निर्णयाकडे पाहताना पोटात गोळा येतो. पण ती मुलं रोज काय सोसत होती, हा प्रश्न टीका करणाऱ्यांनी क्वचितच विचारला.

२ मे रोजी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चच्या दारातून मुलं रांगेने, गाणी म्हणत बाहेर पडू लागली. एक तुकडी पकडली की दुसरी निघे. पोलिसांच्या गाड्या पुरेनात म्हणून शाळेच्या बस मागवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तुरुंगात जागा उरली नव्हती, आणि कॉनर यांनी केली इन्ग्रॅम पार्कसमोर कुत्रे सोडले, आगीच्या बंबांचे पाइप मुलांवर रोखले. पाण्याच्या माऱ्याने मुली फुटपाथवरून फरफटत गेल्या. ते फोटो जगभर छापले गेले. आठवडाभरात दोन हजारांहून अधिक लोक कोठडीत होते, बहुतेक शाळकरी. जत्रेच्या मैदानाचाही तुरुंग झाला होता.

समझोता घडवण्यात सिडनी स्मायर या गोऱ्या जमीन-व्यावसायिकाचा वाटा मोठा होता. ते समतेचे पुरस्कर्ते मुळीच नव्हते. पण १९६१ मध्ये ते टोकियोत असताना आपल्याच शहरातल्या बसस्थानकावरच्या मारहाणीचा फोटो त्यांना तिथल्या वर्तमानपत्रात दिसला होता, आणि असल्या नावलौकिकावर धंदा चालत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. १० मे रोजी करार जाहीर झाला. काउंटर, कपडे बदलण्याच्या खोल्या, पिण्याच्या पाण्याचे नळ ठरलेल्या मुदतीत सर्वांना खुले होणार, दुकानांत कृष्णवर्णीयांना विक्रेते म्हणून घेणार. दुसऱ्याच रात्री किंग यांच्या भावाच्या घरी आणि गॅस्टन मोटेलमध्ये स्फोट झाले. पुढे शिक्षण मंडळाने मोर्चात गेलेल्या १,०८१ विद्यार्थ्यांना निलंबित केलं किंवा काढून टाकलं. न्यायाधीश एल्बर्ट टटल यांनी तो आदेश तत्काळ थांबवला.

जूनमधला प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यात देखावा जास्त होता. ११ तारखेला टस्कलूसाच्या विद्यापीठात वॉलेस खरोखर दारात उभे राहिले. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड हे दोन विद्यार्थी मोटारीत थांबले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींनी राज्याचं नॅशनल गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतलं, जनरल ग्रॅहम यांनी गव्हर्नरना बाजूला व्हायला सांगितलं, आणि ते झाले. त्या रात्री केनेडींनी दूरचित्रवाणीवरून नव्या नागरी हक्क कायद्याची घोषणा केली. तो पुढच्या वर्षी २ जुलैला मंजूर झाला, तेव्हा केनेडी हयात नव्हते. मलोन १९६५ मध्ये पदवीधर झाल्या, त्या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय पदवीधर.

सप्टेंबरात शाळा उघडल्या. वॉलेस यांनी पुन्हा राज्याचे पोलीस पाठवले, केनेडींनी पुन्हा गार्ड ताब्यात घेतलं, आणि १० सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या तीन गोऱ्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं अखेर बसली. पाच दिवसांनी, रविवारी सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी, मे महिन्यात मुलं ज्या चर्चमधून निघाली होती तिथेच डायनामाइट फुटलं. तो चर्चमधला युवा रविवार होता. तळघरात तयार होत असलेल्या ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर जागीच गेल्या. ॲडीची बहीण सारा वाचली, तिचा एक डोळा गेला. त्याच दिवशी शहरात आणखी दोन मुलगे मारले गेले. सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन पोलिसाच्या गोळीने, तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर एका गोऱ्या पोराच्या. या दोघांची नावं फारशी घेतली जात नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

स्फोटाच्या पहिल्या आरोपीला खुनासाठी शिक्षा झाली १९७७ मध्ये. दुसऱ्याला २००१ मध्ये, तिसऱ्याला २००२ मध्ये. चौथा संशयित खटला न होताच १९९४ मध्ये मरण पावला.

स्फोटाची बातमी कळली तेव्हा बेव्हेल आणि त्यांच्या पत्नी डायान नॅश यांनी सूड घ्यायचा की आणखी काही करायचं, याचा विचार केला. त्यांनी ठरवलं की अलाबामात प्रत्येक प्रौढ कृष्णवर्णीयाला मत मिळालं, तर मुलांचं रक्षण होईल. मतदार नोंदणीसाठीची धडपड सेल्मा गावात आधीच सुरू झाली होती. तिथलं नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच सोमवारी उघडे. ७ ऑक्टोबरच्या सोमवारी शेकडो माणसं कचेरीबाहेर दिवसभर उन्हात उभी राहिली. त्यांना पाणी आणि सँडविच द्यायला गेलेल्या दोन कार्यकर्त्यांना पोलिसांनी रांगेसमोरच मारलं. सेल्माची ती रांग पुढे कुठवर गेली, ते पुढच्या आठवड्यात.