नट गोल झाला तर?

सोलापुरात उन्हाळा आला की माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि पहिली अडचण होते ती स्टँडच्या नटाची. गेल्या हंगामातल्या पाण्याने तो गंजून बसलेला असतो. पाण्याची मोटार, सायकल, कारखान्यातला माग, सगळीकडे हीच कथा. हाती येईल त्या पक्कडीने जोर लावला जातो, नटाचे कोपरे झिजतात आणि पाच मिनिटांच्या कामात सुट्टीचा दिवस जातो.

खरे तर गंजापेक्षा चुकीचा पानाच नटाचे अधिक नुकसान करतो. १३ नंबरचा नट म्हणजे समोरासमोरच्या दोन बाजूंतले अंतर १३ मि.मी. त्यावर १४ चा पाना चढतो, पण जोर पडतो तो फक्त कोपऱ्यांवर. जुन्या यंत्रांत आणखी एक मेख आहे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याआधीची बरीच यंत्रे इंचाच्या मापाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. अशा नटावर १३ चा पाना जरासा ढिला बसतो आणि तेवढ्यानेच घात होतो. तोंड उघडे असलेल्या पान्यापेक्षा रिंग पाना किंवा बॉक्स पाना केव्हाही बरा.

मोटारीचे काम असेल तर आधी प्लग काढावा. तारेच्या ब्रशने गंज झाडून आट्यांवर पातळ तेल किंवा डिझेल सोडावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. जवळ स्टोव्ह किंवा विडी नको. सकाळी नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, नट आधी किंचित आवळावा, मग उलटा फिरवावा. आवळल्याने गंजाची पकड सुटते.

कोपरे गेलेच असतील तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट कराव्यात. १३ च्या नटाची प्रत्येक बाजू अर्धा मि.मी. घासली की १२ चा पाना घट्ट बसतो. ग्रिप पक्कड असल्यास तीही चालते. एवढ्यानेही नट हलला नाही तर बोल्टच्या लांबीच्या दिशेने नटाला हॅक्सॉने खाच पाडावी, आटे लागण्याआधी थांबावे आणि खाचेत छिन्नी ठेवून घाव घालावा. नट फाकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच आणि मुलांना दूर बसवावे. उडालेला कण डोळा घेऊन जातो.

हा छिन्नीचा उपाय कूलरच्या स्टँडला ठीक, मोटारीला नव्हे. मोटारीची बॉडी बहुधा बिडाची असते. बिडाला घाव सोसत नाही, कान तुटतो. काही रुपयांच्या नटापायी मोटार घालवण्यात काय शहाणपण? बोल्ट आत तुटला असेल तर घरी ड्रिल चालवू नये. भोक मधोमध पडले नाही तर बॉडीचेच आटे जातात. वेल्डिंगवाला तुटक्या तुकड्यावर नवा नट जोडून तो बाहेर काढू शकतो.

सायकलवाल्यांनी एक लक्षात ठेवावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. नेहमीच्या सवयीने जोर लावाल तर ते अधिकच आवळले जाईल.

नवा बोल्ट आणताना जुना दुकानात सोबत न्यावा आणि बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावावे.