अँटि-लॉक ब्रेकमधील विद्युत्‌दोषाचा शोध

ओल्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक एकाएकी करकचून दाबले, तर चाके फिरावयाची थांबतात. मोटार मात्र घसरतच जाते. अशा वेळी स्टिअरिंग कितीही फिरविले तरी दिशा बदलत नाही. हे संकट टाळणारी इलेक्ट्रॉनिक अँटि-लॉक ब्रेकची योजना जर्मनीतील बॉश कंपनीने १९७८ साली प्रचारात आणली. भारतात ती २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना सक्तीची आहे.

या योजनेत प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा संवेदक असतो. त्याच्या एका प्रकारात लोहचुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्याचे दाते त्याच्यासमोरून जाऊ लागले की वेटोळ्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, आणि त्याच्या स्पंदनांवरून नियंत्रकास चाकाचा वेग कळतो. एखादे चाक अडकू लागताच नियंत्रक त्याच्या ब्रेकवरील तेलाचा दाब क्षणभर कमी करतो.

या मंडलात बिघाड झाल्यास चालकापुढील पिवळा दिवा पेटतो. साधे ब्रेक तेव्हाही लागतात, अडकण्यापासूनचे संरक्षण तेवढे जाते. मात्र तांबडा दिवाही पेटला असेल, तर मोटार पुढे नेऊ नये.

तपासणीयंत्र अशा वेळी एक सांकेतिक क्रमांक दाखविते. उदाहरणार्थ, ‘सी ००३५’ म्हणजे पुढील डाव्या चाकाच्या वेग-संवेदकाचे मंडल. घाईचा मिस्त्री याचा अर्थ ‘संवेदक गेला’ असा लावतो, नवा संवेदक बसवितो, आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. वस्तुतः क्रमांकाने मंडलाचे नाव सांगितलेले असते, आणि मंडलात दोन तारा व त्यांच्या जोडण्याही येतात. पुढच्या चाकाजवळची तार तर प्रत्येक वळणावर वाकते, चिखलपाणी सोसते, आणि वरचे वेष्टन शाबूत असताना आतून तुटते.

म्हणून प्रथम किल्ली बंद करून नियंत्रकाची जोडणी सोडवावी व तेथून मंडलाचा रोध मोजावा. वेटोळ्याच्या संवेदकाचा रोध बहुधा १,००० ओहमच्या आसपास असतो. तो अनंत आला, तर संवेदकापाशीच पुन्हा मोजावा. तेथे योग्य आकडा मिळाल्यास संवेदक निर्दोष असून तार तुटलेली आहे. मीटर जोडलेला ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरविल्यास अधूनमधून सुटणारी तारही उघडकीस येते. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक संवेदकांना ही रोधाची कसोटी लावू नये. त्यांचा प्रवाह चाक हळूहळू फिरविताना ७ व १४ मिलिअँपिअर यांमध्ये बदलतो की नाही, हे पाहावे.

पंपाच्या तारेची गोष्ट निराळी. तिच्या अनेक धाग्यांपैकी एकच शिल्लक असला, तरी मीटरच्या क्षीण प्रवाहास तो पुरतो आणि तार ठीक दिसते. पंपास मात्र कित्येक अँपिअर लागतात. जोडणीचा रोध केवळ ०.१ ओहम वाढला व प्रवाह २० अँपिअर असला, तर १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. एवढासा रोध साधा मीटर क्वचितच दाखवितो. यासाठी तपासणीयंत्राच्या आज्ञेने पंप चालू करून, बॅटरीचे ऋण टोक आणि पंपाची ऋण जोडणी यांमधील विद्युत्‌दाब मोजतात.

दुरुस्तीनंतर क्रमांक पुसून मोटार रस्त्यावर चालवून पाहावी लागते; काही मोटारींत ठराविक वेग गाठल्यावाचून दिवा विझत नाही.