काटक शरीर आणि हृदयविकार : गैरसमज व वस्तुस्थिती

हृदयविकार हा शहरातील स्थूल आणि सुखवस्तू माणसांचा आजार असून सातपुड्यातील काटक, कष्टकरी माणसाला तो होत नाही, हा समज नंदुरबार जिल्ह्यात विशेष घातक ठरतो. कारण कुपोषण हा या जिल्ह्याचा जुना प्रश्न आहे आणि जन्मवेळचे कमी वजन पुढील आयुष्यात मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासात बालकांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. ही तूट मुख्यतः स्नायू व पोटातील अवयवांत होती, चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. सडपातळ देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, ते यामुळेच. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेरही मोजावा लागतो आणि तो पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असे मानले जाते.

शेतातील श्रम, ज्वारी-मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तुरीची डाळ हृदयाला हितकारकच आहेत. परंतु श्रमांमुळे तंबाखूचे दुष्परिणाम भरून निघतात, किंवा धूर नसल्याने चघळलेली तंबाखू हृदयापर्यंत पोहोचत नाही, या समजुतींना आधार नाही. निकोटीन, म्हणजे तंबाखूची सवय जडवणारे द्रव्य, तोंडाच्या अस्तरातून रक्तात शिरते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासाच्या २००६ मधील निष्कर्षांनुसार तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट होता, आणि विडीही निरुपद्रवी ठरली नाही.

मोहाचे फूल पौष्टिक असले, तरी त्याची दारू औषधी ठरत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे, हीही तिचीच शिफारस असून त्यात लोणचे, पापड व ठेच्यातील मीठ धरलेले आहे.

चक्कर किंवा डोकेदुखी नाही म्हणजे रक्तदाब नाही, हा भ्रम तर सर्वांत महागात पडतो, कारण उच्च रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, मग तो कितीही काटक असो, जवळच्या आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००११२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे.