अकिता इनू आणि अमेरिकन अकिता

अकिता इनू आणि अमेरिकन अकिता हे जपानमधील अकिता या श्वानजातीतून निर्माण झालेले दोन परस्परसंबद्ध प्रकार आहेत. दोन्ही स्पिट्झ गटात मोडतात. उभे त्रिकोणी कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि दुहेरी केसांचे आवरण ही या गटाची लक्षणे दोहोंत आढळतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांचा इतिहास एकच होता. त्यानंतर जपान आणि अमेरिका या दोन देशांत वेगवेगळ्या उद्देशांनी पैदास झाल्यामुळे त्यांच्यात आज सहज ओळखता येईल एवढे अंतर पडले आहे. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ (एफसीआय) त्यांना दोन स्वतंत्र जाती मानतो.

नाव

उत्तर जपानमधील होन्शू बेटावरील अकिता या प्रांतावरून या जातीला नाव मिळाले. या प्रांतातील ओदाते हे शहर तिचे मूळ स्थान मानले जाते. जपानी भाषेत 'इनू' म्हणजे कुत्रा. त्यामुळे 'अकिता इनू' याचा अर्थ 'अकिताचा कुत्रा' असा होतो.

नावांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. एफसीआयच्या नोंदीत नुसते 'अकिता' हे नाव जपानी प्रकारासाठी (मानक क्रमांक २५५) वापरले जाते आणि दुसऱ्यास 'अमेरिकन अकिता' (मानक क्रमांक ३४४) म्हणतात. याउलट अमेरिकन केनेल क्लब अमेरिकन प्रकारालाच 'अकिता' म्हणतो. ब्रिटनमध्येही 'अकिता' म्हणजे अमेरिकन प्रकार असून जपानी प्रकारास 'जपानी अकिता इनू' असे नाव आहे. म्हणजे एकाच शब्दाने देशपरत्वे दोन वेगळ्या कुत्र्यांचा बोध होतो. या लेखात 'अकिता इनू' म्हणजे जपानी प्रकार व 'अमेरिकन अकिता' म्हणजे अमेरिकन प्रकार असा अर्थ घेतला आहे.

समान इतिहास

जपानमधील मूळचे कुत्रे लहान व मध्यम आकाराचे होते. अकिता प्रांतातील डोंगराळ, हिमाच्छादित भागात 'मातागी' नावाने ओळखले जाणारे परंपरागत शिकारी अस्वल व इतर मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी कुत्रे पाळीत. 'मातागी अकिता' या मध्यम आकाराच्या शिकारी कुत्र्यांपासून आजच्या अकिताचा वंश सुरू होतो. सतराव्या शतकापासून या कुत्र्यांचा उपयोग झुंजींसाठीही होऊ लागला.

१८६८ नंतरच्या मेजी काळात झुंजीसाठी अधिक मोठे व बळकट कुत्रे हवे होते. म्हणून मातागी अकिताचा तोसा आणि मास्टिफ या जातींशी संकर करण्यात आला. आकार वाढला, पण स्पिट्झ गटाची लक्षणे पुसट होत गेली. १९०८ मध्ये श्वानझुंजींवर बंदी आली. पुढे जपानी कुत्र्यांचे जतन करण्याची जाणीव वाढली आणि १९२७ मध्ये ओदाते येथे अकिता इनू होझोनकाई (अकिता श्वान जतन संस्था) स्थापन झाली. १९३१ मध्ये जपान सरकारने अकिता इनूला 'नैसर्गिक स्मारक' म्हणून घोषित केले. हा मान मिळवणारी ती पहिली जपानी श्वानजात होती.

याच काळात हाचिको या कुत्र्यामुळे अकिता जात जपानभर परिचित झाली. १९२३ मध्ये ओदाते येथे जन्मलेला हाचिको टोकियोतील प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांच्याकडे होता. मे १९२५ मध्ये प्राध्यापकांचा अकस्मात मृत्यू झाला. त्यानंतरही हाचिको शिबुया स्थानकावर त्यांची वाट पाहण्यासाठी जात राहिला, तो ८ मार्च १९३५ रोजी त्याचा अंत होईपर्यंत. १९३४ मध्ये, म्हणजे तो जिवंत असतानाच, स्थानकासमोर त्याचा पुतळा उभारण्यात आला. युद्धकाळात धातूसाठी तो पुतळा वितळवला गेला आणि १९४८ मध्ये नवा पुतळा बसवण्यात आला. हाचिको जपानी प्रकाराचा होता की अमेरिकन, हा प्रश्न मात्र गैरलागू आहे. त्याच्या हयातीत हे दोन प्रकार अस्तित्वातच आले नव्हते.

अमेरिकेत पोहोचलेले पहिले अकिता कुत्रेही याच काळातील होत. १९३७ मध्ये लेखिका हेलन केलर अकिता प्रांतात गेल्या असता त्यांना कामिकाझे-गो नावाचे पिल्लू भेट मिळाले. ('गो' हा जपानमध्ये कुत्र्याच्या नोंदणीकृत नावापुढे लावला जाणारा प्रत्यय आहे.) ते डिस्टेंपरने दगावल्यावर त्याचाच भाऊ केन्झान-गो त्यांच्याकडे पाठवण्यात आला. तथापि अमेरिकन अकिताचा वंश या कुत्र्यांपासून विस्तारला नाही.

विभाजन

दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये सैनिकांच्या कपड्यांसाठी कुत्र्यांच्या कातडीचा वापर होत असे. लष्करी कामासाठी वापरले जाणारे जर्मन शेफर्ड वगळता इतर कुत्रे पकडून जप्त करण्याचा हुकूम पोलिसांनी काढला. कुत्रे वाचवण्यासाठी काही पालकांनी अकिताचा जर्मन शेफर्डशी संकर केला, तर काहींनी आपले कुत्रे दुर्गम डोंगराळ भागात लपवून ठेवले. युद्ध संपले तेव्हा अकितांची संख्या अत्यंत घटली होती. जे उरले तेही एकसारखे नव्हते. मातागी अकिता, झुंजीचे अकिता आणि शेफर्डचा अंश असलेले अकिता अशी तीन वेगवेगळी रूपे शिल्लक होती.

युद्धोत्तर काळात 'देवा' घराण्यातील कोंगो-गो या कुत्र्याला मोठी लोकप्रियता लाभली. या घराण्यात मास्टिफ व जर्मन शेफर्ड यांचा प्रभाव दिसत असे. जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना हे मोठे, भारदस्त कुत्रे आवडले व मायदेशी परतताना त्यांनी ते सोबत नेले. अमेरिकन अकिताचा पाया मुख्यतः याच कुत्र्यांनी घातला. १९५६ मध्ये अकिता क्लब ऑफ अमेरिका स्थापन झाला आणि १९७२ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली.

जपानमधील पैदासकारांनी नेमकी उलट दिशा धरली. त्यांच्या दृष्टीने मास्टिफ व शेफर्डची लक्षणे हा बाहेरून आलेला अंश होता. तो दूर करण्यासाठी त्यांनी उरलेल्या कुत्र्यांचा मातागी अकितांशी संकर केला आणि स्पिट्झ बांध्याच्या, मोजक्या रंगांच्या पिल्लांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केली.

हे दोन प्रवाह पुन्हा मिसळण्याची शक्यता नोंदणीच्या नियमांमुळे मावळली. अमेरिकन केनेल क्लब आणि जपान केनेल क्लब यांच्यात एकमेकांच्या वंशावळी मान्य करण्याचा करार नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेची वंशनोंदवही जपानमधून येणाऱ्या नव्या कुत्र्यांसाठी बंद झाली. जपानी कुत्र्यांची नोंदणीच होणार नसल्याने अमेरिकेतील पैदास आधी आलेल्या कुत्र्यांच्याच वंशात होत राहिली. दोन देशांमधील समुद्र कुत्र्यांनी कधीच ओलांडला होता. पुढचे अंतर कागदपत्रांनी निर्माण केले.

शारीरिक फरक

| लक्षण | अकिता इनू | अमेरिकन अकिता |
|---|---|---|
| नराची खांद्यापाशी उंची | ६७ सेंमी (३ सेंमी कमी-अधिक चालते) | ६६ ते ७१ सेंमी |
| मादीची उंची | ६१ सेंमी (३ सेंमी कमी-अधिक चालते) | ६१ ते ६६ सेंमी |
| बांधा | तुलनेने सडपातळ | जड, रुंद हाडांचा |
| डोक्याचा घाट | कोल्ह्याची आठवण करून देणारा | अस्वलासारखा, भारदस्त |
| काळा मुखवटा | अमान्य | मान्य |
| रंग | ठरावीक चार | कोणताही |

उंचीच्या आकड्यांत फारसे अंतर नाही. खरा फरक वजनात व हाडापेरात आहे. अमेरिकन अकिताच्या पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारणतः ४५ ते ५९ किलो असते. अकिता इनू त्या मानाने बराच हलका असतो.

डोके हे ओळखीचे सर्वांत सोपे ठिकाण आहे. अमेरिकन अकिताचे डोके मोठे, कवटी रुंद व दोन्ही कानांच्या मध्ये सपाट, तर तोंडाचा पुढचा भाग भरीव असतो. अकिता इनूचे गाल भरलेले असले तरी चेहरा नाकाकडे निमुळता होत जातो. त्याचे डोळे लहान व त्रिकोणी असून बाहेरचे कोपरे किंचित वर गेलेले असतात. कान दोन्ही प्रकारांत पुढे झुकलेले असतात, परंतु अमेरिकन अकिताच्या डोक्याच्या विस्तारामुळे ते अधिक लहान भासतात.

रंगाचा नियम जपानी मानकात कडक आहे. तांबूस, तिळी (काळ्या टोकांचे तांबूस केस), पट्टेरी आणि पांढरा एवढेच रंग त्यात मान्य आहेत. पांढरा सोडून इतर रंगांच्या कुत्र्यांत 'उराजिरो' असणे आवश्यक मानले जाते. गाल, जबड्याची खालची बाजू, मान, छाती, पोट, पायांची आतली बाजू आणि शेपटीची खालची बाजू येथील पांढुरक्या केसांना उराजिरो म्हणतात. अमेरिकन अकितात पांढऱ्या अंगावर मोठे रंगीत ठिपके असलेले कुत्रेही मान्य आहेत. चेहऱ्यावरील काळा मुखवटा अमेरिकन अकितात शोभेचा मानला जातो. तोच मुखवटा असलेला कुत्रा जपानी मानकानुसार प्रदर्शनातून बाद ठरतो.

स्वभाव आणि निगा

स्वभावात दोन्ही प्रकार एकमेकांच्या जवळचे आहेत. दोन्ही घरच्या माणसांशी एकनिष्ठ, परक्यांशी अलिप्त आणि स्वतंत्र बाण्याचे असतात. समलिंगी कुत्र्यांशी त्यांचे सहसा पटत नाही. पिल्लूपणापासून माणसांची व इतर प्राण्यांची सवय लावणे दोहोंसाठी आवश्यक असते. अमेरिकन अकिताचे वजन अधिक असल्याने त्याला आवरण्यास जास्त ताकद व अनुभव लागतो.

बाहेरचे राठ केस आणि आतील दाट, मऊ लोकर असे दुहेरी आवरण हिमप्रदेशासाठी अनुकूल आहे. भारतासारख्या उष्ण देशात, विशेषतः दमट किनारपट्टीवर, ते दोन्ही प्रकारांना त्रासदायक ठरते. वर्षातून साधारणतः दोनदा आतील लोकर मोठ्या प्रमाणात गळते.

त्वचेतील तैलग्रंथींचा दाह आणि डोळे व त्वचा या दोहोंवर परिणाम करणारा एक स्वयंप्रतिरोधक विकार हे आजार अकिता वंशात इतर अनेक जातींपेक्षा अधिक आढळतात. निरोगी अकितांच्या तांबड्या रक्तपेशी स्वभावतःच लहान असतात आणि जपानी वंशातील अनेक कुत्र्यांच्या रक्तपेशींत पोटॅशियमचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे रक्ततपासणीच्या निष्कर्षांचा अर्थ लावताना पशुवैद्याला कुत्र्याच्या जातीची माहिती असणे उपयुक्त ठरते.

मान्यता आणि वाद

एफसीआयने विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही प्रकार वेगळे केले. अमेरिकन प्रकारास प्रथम 'ग्रेट जपानी डॉग' असे नाव देण्यात आले. २००६ पासून 'अमेरिकन अकिता' हे नाव रूढ झाले. ब्रिटनमध्येही २००६ पासून दोन्हींची स्वतंत्र नोंद होते. विभाजनानंतर दोन्ही प्रकारांतील संकरास शुद्ध वंशाचा दर्जा मिळत नाही.

विभाजनाच्या निमित्ताने 'खरा अकिता कोणता' हा वाद होत आला आहे. अकिता इनू हा अस्सल आणि अमेरिकन अकिता हा भेसळीचा, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास पाहता ही मांडणी अपुरी आहे. आजचा अकिता इनू हे युद्धानंतर जाणीवपूर्वक केलेल्या पुनर्रचनेचे फळ आहे, तर अमेरिकन अकिताने १९५० च्या दशकात जपानमध्येच नावाजलेले रूप टिकवून धरले आहे. एकाने जुन्या शिकारी कुत्र्याचा आदर्श पुन्हा गाठण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्याने युद्धोत्तर काळातील भारदस्त कुत्रा पुढे चालवला. झुंजीसाठी झालेल्या संकराचा वारसा दोघांच्याही पूर्वजांत आहे.

भारतातील संदर्भ

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ श्वानजातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. त्या यादीत जपानी तोसासोबत 'अकिता' एवढाच उल्लेख होता. कोणता प्रकार अभिप्रेत आहे हे स्पष्ट केलेले नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. एकाच नावाखाली दोन जाती असल्यास नियम, नोंदणी आणि खरेदी या तिन्ही बाबतींत संदिग्धता कशी निर्माण होते, याचे हे उदाहरण आहे. त्यामुळे पिल्लाच्या वंशावळीच्या कागदपत्रावर केवळ 'अकिता' असे लिहिलेले असल्यास ते कोणत्या संस्थेने दिले आहे, हे पाहूनच प्रकार निश्चित करता येतो.

हे सुद्धा पहा

हाचिको
शिबा इनू
तोसा
स्पिट्झ