छातीच्या उंचीवरचा एक मिलिमीटर

जमिनीपासून १.३७ मीटर. उभ्या माणसाच्या छातीशी येणारी ही उंची आपल्याकडच्या वनखात्यांनी खोड मोजण्यासाठी ठरवून घेतली आहे. तिथे फीत गुंडाळायची, गोलाई वाचायची, वहीत लिहायची आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. समजा, गोलाई भरली ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३०. झाडाची उंची २० मीटर. खोड शेंड्यापर्यंत तेवढंच जाड असतं, तर त्यात १.४१ घनमीटर लाकूड भरलं असतं. पण खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून या आकड्याला एका गुणकाने आवर घालावा लागतो. तो ०.४५ धरला, तर हाती उरतं ०.६४ घनमीटर.

आता हे झाड व्यासाने फक्त एक मिलिमीटर वाढलं असं समजू. उंची तीच. फितीवर फरक तीन मिलिमीटरचा. फीत जरा सैल धरली तरी हरवून जाईल एवढाच. पण खोडात लाकूड वाढलं सव्वाचार लिटर.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या उभ्या लाकडाचा साठा, वनांतला आणि वनांबाहेरचा मिळून, सुमारे ६४३ कोटी घनमीटर आहे. नुसता आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. म्हणून हे सगळं लाकूड एकाच घनाकृती ठोकळ्यात रचून पाहू. त्याची प्रत्येक बाजू जवळजवळ १,८६० मीटर भरते. कळसूबाईचं शिखर आहे १,६४६ मीटरवर. हा ठोकळा समुद्रकिनाऱ्यावर ठेवला, तर महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर त्याच्या माथ्यापेक्षा दोनशे मीटरहून जास्त खाली राहील.

आणि हा सगळा साठा आपल्या त्या ३० सेंटिमीटरच्या झाडासारख्याच झाडांचा आहे असं मानलं, तर झाडं होतात सुमारे एक हजार कोटी. प्रत्येकाने तो एक मिलिमीटर कमावला, की साठ्यात भर पडते ४.३ कोटी घनमीटरची. एका ट्रकमध्ये दहा घनमीटर धरले, तर ४३ लाख ट्रक. एकेक ट्रक दहा मीटर लांब धरून ते एकमेकांना खेटून उभे केले, तर रांग ४३,००० किलोमीटरची होते. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. फितीवर दिसेल न दिसेल असा फरक पृथ्वीला वेढा घालून वर उरतो!

म्हणूनच झाड पुढच्या वर्षी किती वाढेल, या प्रश्नाला मी साधा प्रश्न मानत नाही. बेंजामिन गॉम्पर्ट्झ हा लंडनचा गणिती विम्याच्या कामासाठी माणसांच्या मृत्यूचं प्रमाण मांडत होता. त्याचं १८२५ चं सूत्र पुढे वाढ मोजायलाही वापरलं गेलं: आधी हळू, मग भरभर, मग थकत जाणारी वाढ. रेघ सुरेख, गुळगुळीत. पण एकाच दिवशी, एकाच ओळीत लावलेली दोन सागाची रोपं पाहा. एकाच्या मुळांना ओल सापडते, दुसऱ्याच्या शेंड्याला कीड लागते. रेघेवर दोघंही नसतात.

ही ओढाताण समीकरणात आणायला जे गणित लागतं, ते जपानच्या कियोशी इतो यांनी १९४० च्या दशकात उभं केलं. क्षणाक्षणाच्या बदलाचे दोन भाग: एक नियमाचा, झाडाला अजून किती वाढायचं बाकी आहे त्यावर ठरणारा, दुसरा नशिबाचा, पाण्यावर हेलकावणाऱ्या परागातल्या कणांसारखा. न्यूझीलंडच्या वनसंशोधन संस्थेतल्या ओस्कार गार्सिया यांनी १९८३ मध्ये झाडांच्या उंचीसाठी असं समीकरण मांडलं आणि त्यात निसर्गाचा हेलकावा वेगळा ठेवला, मोजणाऱ्याची चूक वेगळी. सैल धरलेल्या फितीलाही समीकरणात जागा मिळाली, हे मला फार आवडतं.

नशीब दरवर्षी नवं असतं की कायमचं, हा फरकही किती महागाचा आहे, ते पाहा. समजा, नशीब दरवर्षी व्यासात सरासरी दोन मिलिमीटर इकडे किंवा तिकडे ढकलतं, आणि एका वर्षाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पंचवीस वर्षांत फरक पन्नास मिलिमीटर होत नाही. धक्के एकमेकांना खोडतात आणि पंचवीसच्या वर्गमुळाच्या हिशेबाने फरक दहावर थांबतो. पण तेच दोन मिलिमीटर जर झाडाचं कायमचं दैव असेल, बुडाशी चांगली माती असेल, तर पूर्ण पन्नास. ३० सेंटिमीटरच्या खोडात पहिला फरक सात टक्के लाकडाचा, दुसरा ३६ टक्क्यांचा.

हाच न्याय गर्दीलाही लागू पडतो. दहा लाख झाडांची नशिबं वेगवेगळी असली, तर सरासरीतली दोन मिलिमीटरची अनिश्चितता हजारपट घटते, ०.००२ मिलिमीटरवर येते. गर्दी नशीब गिळून टाकते. पण पाऊस प्रत्येक झाडाकडे वेगळा येत नाही. एखाद्या दुष्काळी वर्षाने सगळ्यांचाच अर्धा मिलिमीटर हिरावला, तर तो दहा लाख झाडांत विरत नाही की एक हजार कोटींत विरत नाही. तो तसाच्या तसा उरतो. ट्रकच्या रांगेतले २१,५०० किलोमीटर कमी होतात. आणि १.३७ मीटरवर गुंडाळलेल्या फितीवर तो फरक दिसतो दीड मिलिमीटरचा.