ओवी सगळ्यांची, आवाज तुमचा

आज गाण्याच्या हक्काबद्दल बोलू या. कॉपीराइट, रॉयल्टी हे शब्द ऐकले की वाटतं, हे सिनेमावाल्यांचं आणि वकिलांचं काम, आपला काय संबंध? पण हल्ली मंगळागौर असो, गटाची बैठक असो की जात्यावर बसलेली आजी असो, कुणीतरी समोर मोबाइल धरून उभं असतंच. आज टिपलेलं गाणं उद्या इंटरनेटवर जातं आणि परवा एखाद्या जाहिरातीत वाजतं. म्हणून गाणाऱ्या बाईचा हक्क काय, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. एका सातबाऱ्यावर जशी चार जणांची नावं असतात, तसे एका गाण्यातही हक्कदार अनेक असतात. शब्द लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा, गाणारे-वाजवणारे तिसरे आणि ध्वनिमुद्रण करून बाजारात आणणारी कंपनी चौथी. आपल्या देशात यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. शब्दांवर आणि चालीवर त्या कवीचा, संगीतकाराचा हक्क असतो. तो त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तुम्ही स्वतः गाणं रचून वहीत लिहिलं, की त्याच क्षणी ते तुमचं झालं.

मग आपल्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे कुणाचे? ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. रचणारीचं नाव कुणाला माहीत नाही. असं जुनं गाणं कुणीही म्हणू शकतं आणि गावाची ओवी म्हणून गावाला रॉयल्टी मिळत नाही. आजचा कायदा माणसाचा हक्क मानतो, परंपरेचा मानत नाही. ही त्यातली उणीव आहे.

पण इथेच खरी महत्त्वाची गोष्ट आहे. ओवी सगळ्यांची असली, तरी ती गाणारा आवाज तुमचा आहे. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्या कलाकाराला वेगळा हक्क मिळाला. कलाकार म्हणजे फक्त नामवंत गायक नव्हेत. कायद्याच्या यादीत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरत करणारे, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. मग जात्यावर गाणारी आजी त्यात का नसावी? ती आहेच. तिच्या संमतीशिवाय तिचं गाणं मुद्रित करून विकता येत नाही, रेडिओवर लावता येत नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. स्वतःपुरतं ऐकायला, शिकवायला किंवा संशोधनाला केलेलं मुद्रण मात्र चालतं.

दुसरा हक्क नावाचा. गाणं कुणी गायलं ते सांगितलं गेलं पाहिजे आणि तुमची बदनामी होईल अशी मोडतोड त्यात कुणी करता कामा नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'परी' या संकेतस्थळावर गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह वाचायला-ऐकायला मिळतात. 'पारंपरिक' एवढंच लिहून मोकळं होण्यापेक्षा हे किती वेगळं आहे, बघा.

आता पैशाचं. गाणं वाजेल तसा मिळणारा वाटा म्हणजे रॉयल्टी. यासाठी मोठमोठ्या कलाकारांनाही झगडावं लागलं. लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी अशी भूमिका १९६० च्या दशकात घेतली होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे देऊन गाणं करून घेणारा निर्माताच त्याचा मालक, वेगळा करार असेल तरच गोष्ट निराळी. त्यामुळे अनेक कवी-संगीतकारांच्या हाती एकदाच मिळालेली रक्कम उरली. २०१२ साली कायदा बदलला. आता सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रित गाण्याच्या कवीला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क सोडून देता येत नाही. कुणी तसं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला, तर कलाकारालाही रॉयल्टी मागता येते.

रेडिओचं काय? प्रसिद्ध झालेलं गाणं लावायचं तर रेडिओ केंद्राने हक्कदाराशी करार करायचा, नाहीतर कायद्याने दिलेला मार्ग धरायचा. त्यात आधी नोटीस द्यायची, ठरलेल्या दराने रॉयल्टी भरायची, हिशेब ठेवायचा. गाणं लावताना कवी, संगीतकार आणि मुख्य कलाकार यांची नावं सांगावीत, असंही कायदा म्हणतो. म्हणजे निवेदिका नावं घेते ती नुसती रीत म्हणून नव्हे. हा मार्ग इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्यांना लागू होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. आपल्यासाठी यातला धडा असा, की रेडिओसाठी दिलेली परवानगी इंटरनेटसाठी आपोआप होत नाही. दोन्हीकडची वेगळी विचारा.

बचत गटातल्या बायका बऱ्याचदा सिनेमाच्या चालीवर दारूबंदीची, शिक्षणाची गाणी रचतात. शब्द तुमचे, पण चाल दुसऱ्याची. गटाच्या बैठकीत हौसेने आणि फुकट म्हणायला हरकत नाही. ते मुद्रित करून प्रसारित करायचं असेल, तर चालीच्या मालकाची परवानगी लागते. त्यापेक्षा ओवीची, फुगडीची, गोंधळाची जुनी चाल घ्या. तिथे शब्द तुमचे, आवाज तुमचा आणि चाल सगळ्यांची. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला परवानगी लागत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीलाही ही सूट आहे.

आता हातात ठेवण्यासारखी गोष्ट. कुणी गाणं टिपायला आलं, तर आधी कागद करा. साध्या वहीच्या पानावर चालेल. त्यावर एवढं लिहा:

१. गाणारीचं नाव, गाव, गाण्याची पहिली ओळ आणि तारीख.

२. गाणं कशासाठी घेतलं: रेडिओ, इंटरनेट, पुस्तक की जाहिरात.

३. किती वर्षांसाठी आणि कुठे वापरणार.

४. आज किती पैसे दिले आणि पुढे कमाई झाली तर गाणारीचा वाटा किती.

५. प्रत्येक वेळी गाणारीचं नाव द्यायचं.

खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे. एक प्रत तुमच्याकडे राहिलीच पाहिजे. कागदात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. जागा लिहिली नसेल, तर फक्त भारत धरतो. तरीही 'कायमचे सर्व हक्क दिले' असं वाक्य दिसलं, तर सही करायला घाई करू नका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना गटातल्या शिकलेल्या मुलीने अख्खा कागद मोठ्याने वाचून दाखवावा.

फसवणूक झालीच, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा करता येतो. वकिलाच्या फीची काळजी नको. उत्पन्न कितीही असो, बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही घाला. कोण कोणती गाणी म्हणतं, कोणती जुनी, कोणती स्वतः रचलेली, कधी कुणी टिपून नेली, ते लिहून काढा. आधी नेलेल्या गाण्यांचा कागद नसेल, तर नेणाऱ्याला फोन करून आता मागा.