फोड बिब्ब्याचा की गोळीचा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हिंडणाऱ्याच्या अंगावर फोड आला की पहिला संशय बिब्ब्यावर. बिब्बा उतला, म्हणतात. बहुतेकदा ते खरंही असतं. पण आधी तोंडात न भरणारे व्रण, मग छाती-पाठीवर पाण्याचे फोड आणि ते फुटून सोललेली कातडी, असं असेल तर बिब्ब्याला सोडा. हा पेम्फिगस असू शकतो. ग्रीक भाषेत ‘पेम्फिक्स’ म्हणजे फोडच!

कातडीच्या पेशी या विटा, तर त्यांना धरून ठेवणारा गारा म्हणजे डेस्मोग्लीन ही प्रथिनं. शरीराची स्वतःचीच फौज या गाऱ्यावर तुटून पडते. १९६४ साली बॉयटनर आणि जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात या फौजेची फितूर प्रतिपिंडं दाखवून दिली.

कधी ठिणगी औषधाची असते. सांधेदुखीवरचं पेनिसिलामिन आणि रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल यांच्यावर ठपका आहे. दोन्हींच्या रेणूत गंधक-हायड्रोजनची जोडी असते. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गोळ्यांनी काही वयस्कांना पेम्फिगसचा भाऊबंद, बुलस पेम्फिगॉइड होतो: आधी खाज, मग टणक फोड. गोळी सुरू होऊन कित्येक महिने लोटलेले असतात, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच जात नाही.

आता या मातीतली गोष्ट. बाबा आमटेंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं राहिलं. कुष्ठरोगाच्या आजच्या उपचारात रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन शेजारी-शेजारी असतात. क्षयावरही दिल्या जाणाऱ्या रिफॅम्पिसिनमुळे क्वचित कुणाला पेम्फिगस उठतो. आणि डॅप्सोन? लिनिअर आयजीए या फोडांच्या दुसऱ्या आजारावर तेच उपयोगी पडतं! एकाच पाकिटात ठिणगीही आणि पाणीही, हे मला फार विलक्षण वाटतं. मात्र जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी डॅप्सोनने फुटतात, म्हणून आधी रक्त तपासायचं.

स्टेरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस बहुतेकांचा जीवच घ्यायचा. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचांनी स्टेरॉइडचे मोठे डोस ठरावीक अंतराने देण्याची पद्धत आणली. भारतातल्या असंख्य रुग्णांना तिने तारलं.

असे फोड दिसले तर झाडपाल्याचा लेप लावत दिवस घालवू नका. क्षयाची किंवा कुष्ठरोगाची गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांपुढे ठेवा.